मेण आणि पितळ

फ्लोरिनने पुढे केलेला मुलाचा फोटो त्या आफ्रिकी सैनिकाने दोन्ही हातांनी घेतला, एकदाच पाहिला आणि बाकावर पालथा ठेवला. मग तो पुन्हा मेण मळू लागला.

"बघ, मास्तर," फ्लोरिन आपल्या भावाला म्हणाली, "एकदा बघितला नि पुरला त्याला. तुला तुज्या वर्गातल्या पोरांची नावं वरीसभर ध्यानात ऱ्हात न्हायत."

फ्रँक उत्तनच्या शाळेत विज्ञान शिकवी. कारागिराची नजर सरावाने तयार झालेली असते, एवढाच निष्कर्ष त्याने काढला आणि टोमणा गिळला.

१९४५ सालचा फेब्रुवारी होता. मुंबईतल्या एका लष्करी इस्पितळाचा ट्रक दर रविवारी बऱ्या होत आलेल्या जखमींना समुद्राच्या हवेसाठी उत्तनला आणी. बाकीचे वाळूवर पडून राहत. हा आफ्रिकी सैनिक, ओसागी, मात्र पहिल्याच रविवारी वस्तीत शिरला, घरामागून घर पाहत आला आणि फ्लोरिनच्या दारासमोर थांबला. त्या दारावर तिच्या मुलाने, बॉस्कोने, लहानपणी निळ्या रंगाने एक वाकडी होडी काढली होती. तिच्यावरून बोट फिरवीत तो बराच वेळ उभा राहिला. निळा रंग लांबून दिसतो, असे फ्रँक म्हणाला.

ओसागीच्या गळ्याला पट्टी होती. गोळीने त्याचा आवाज नेला होता आणि लिहिणे त्याला येत नव्हते. दारात त्याने खिशात हात घातला, तेव्हा हा जेवणाचे पैसे काढतो आहे असे वाटून फ्लोरिनने त्याचे मनगट धरले आणि त्याला पानावर बसवले. बोंबलाचे कालवण खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. फ्रँकने त्याचे कारण मिरचीत शोधले.

ट्रकबरोबरच्या परिचारकाकडून एवढेच कळले, की त्याचे नाव ओसागी, माणूस पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनचा आहे, धातूचे मुखवटे ओतणाऱ्या घराण्यातला आहे आणि ब्रह्मदेशातून आला आहे.

"माजा बॉस्को भेटला असंल काय रे याला?" फ्लोरिनने विचारले होते. बॉस्को ब्रह्मदेशातच, आराकानात, लष्कराचा ट्रक चालवी. नाताळानंतर त्याचे पत्र नव्हते.

"लाखो माणसं आहेत तिथे, बाय. आणि तार आलेली नाही. लष्कर बुटाच्या नाडीचासुद्धा हिशेब ठेवतं. काही झालं असतं तर कळवलं असतं."

हा युक्तिवाद फ्रँकला निर्दोष वाटे. रात्री झोप येत नसे तेव्हा तो स्वतःलाही तोच ऐकवी.

दुसऱ्या रविवारी ओसागीने देवघरातली मेणबत्त्यांची थोटके गोळा केली आणि खुणेने आणखी मागितली. फ्लोरिनला क्षणात उलगडा झाला. वांद्र्याच्या चर्चमधल्या मोतमाउलीला लोक मेणाचे हात-पाय वाहतात. ज्याचे जे दुखते, ते मेणाचे. हा परका माणूस तिच्या मुलासाठी मेणाचा अख्खा चेहरा घडवीत होता. माउलीने त्याला पाठवले होते, याविषयी तिला शंका उरली नाही.

फ्रँकला नवसांचे वावडे होते. बॉस्को निघाला तेव्हा फ्लोरिनने आपली जपमाळ त्याच्या गळ्यात घातली होती. तिचा तुटलेला एक मणी काढून तिथे तिने जाळ्याला लावायची शिशाची गोळी ओवली होती. "शिशाने गोळी अडत नाही, बाय," तो तेव्हा म्हणाला होता. "गोळी शिशाचीच असते." बॉस्को मोठ्याने हसला होता. फ्लोरिन हसली नव्हती.

पण बेनिनचे मुखवटे फ्रँकने कॉलेजच्या वाचनालयात एका पुस्तकात पाहिले होते. चित्रे तेवढी पाहिली होती. मजकूर परीक्षेला नसल्यामुळे वाचला नव्हता. तिथले सरदार सणासमारंभाला असे चेहरे कमरेला बांधतात, हे त्याने बहिणीला समजावले. लोक त्यांना कांस्याचे म्हणत असले तरी धातू बहुधा पितळच असतो, हेही सांगितले.

"मंग बॉस्को त्याच्या लग्नात बांधील कमरेला," फ्लोरिन म्हणाली आणि तिने आपली पितळी तपेली ओतायला दिली.

मेणाचा चेहरा पुरा झाला तेव्हा मात्र ती थबकली. नाक, हनुवटी, किंचित वर उचललेला ओठ, सगळे बॉस्कोचे होते. परंतु गाल बसलेले होते आणि डाव्या भुवईवर एक खोल उभी रेघ होती.

"असा वण न्हाय माज्या पोराला."

"ती त्यांची शैली आहे. पुस्तकातल्या मुखवट्यांच्या भुवयांवरही उभ्या रेघा होत्या."

ओसागीने मेणावर खाडीची माती लिंपली. पुढच्या रविवारी लोहाराच्या भट्टीवर साचा तापवला. मेण वितळून वाहून गेले आणि आत बॉस्कोच्या चेहऱ्याची पोकळी राहिली. फ्रँकने फ्लोरिनला ही क्रिया बारकाईने समजावून सांगितली. तिने पदर डोळ्यांना लावला. धुराने डोळे चुरचुरतात, हे त्याला ठाऊक होते.

त्या पोकळीत तपेलीचे पितळ ओतून झालेला मुखवटा पाचव्या रविवारी चिंचेने घासून लख्ख झाला. वांद्र्याला नेण्यासाठी फ्लोरिनने नवे कापड काढले. ओसागीने मान हलवली. मुखवटा घेऊन तो देवघरापाशी गेला. वरच्या फळीवर माउलीची तसबीर आणि मेणबत्ती होती. खालच्या फळीवर फ्लोरिनच्या मयत नवऱ्याचा, रेमंडचा, हार घातलेला फोटो. ओसागीने मुखवटा रेमंडच्या शेजारी ठेवला.

"त्याला ठावं न्हाय," म्हणत फ्लोरिनने तो उचलून माउलीपुढे ठेवला.

ओसागीने तो पुन्हा, अगदी सावकाश, खाली आणला. त्याच्यासमोर जमिनीवर पाण्याची धार सोडली आणि कपाळ भुईला टेकवले.

"त्यांच्याकडची काही पद्धत असेल," फ्रँक म्हणू लागला. पण वाक्य त्याच्याकडून पुरे झाले नाही.

ओसागीने खिशात हात घातला. या वेळी फ्लोरिनने तो धरला नाही. त्याने मुखवट्यापुढे एक जपमाळ ठेवली. तिचा एक मणी शिशाचा होता.