माणसांत धरलेली

लुंगिसा संपावरच्या कामगारांच्या बाजूनं लिहायचा. म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारनं त्याच्यावर हुकूम बजावला होता: एका वेळी एकाच माणसासोबत बसायचं, दुसरं कोणी आलं की थेट तुरुंग. पाळतीवरचा हवालदार वही घेऊन दारातच ठाण मांडून असे. पोर्ट एलिझाबेथच्या काळ्यांच्या वस्तीतल्या त्या एका खोलीत आई अखेरचं अंथरूण धरून होती, आणि लुंगिसा तिच्यापाशी आला की बहीण झोलेकाला बाहेर जाऊन उभं राहावं लागे.

"एकदा दोघं बरोबर दिसा रे मला," आई म्हणायची. मग दाराकडे मान वळवून, "हवालदार, मला सोडून मोज की. तुझ्या सरकारनं मला माणसांत कधी धरलंय?"

शुक्रवारी दुपारी तिचा श्वास थांबला. लुंगिसानं तिचे डोळे मिटले आणि हाक मारली, "झोलेका, ये आत. आता कोण अडवतंय?"

तिनं उंबऱ्यावर पाऊल ठेवलं, तसा हवालदारानं हात आडवा घातला.



"डॉक्टरचा दाखला येऊ दे. तोवर म्हातारीलाही माणसांतच धरावं लागतं."