काठीचा ठोका

नवा सबवूफर जोडून झाला. आवाज ठरवायची आमची एकच रीत: खालच्या मजल्यावर एकटे राहणारे मास्तर काठीनं छत ठोकेपर्यंत वाढवायचा, मग दोन आकडे कमी करायचा. मास्तरांचे कान भारी तिखट.

ह्यांनी आवाज वीसवर नेला. मग तीसवर. कपाटातल्या बशा वाजायला लागल्या.

"मास्तर सुधारले वाटतं!" हे खुशीत म्हणाले.

चाळीस. पायाखालची फरशी थरथरली. खालून काहीच नाही.

"अहो, त्यांच्या दारात पेपर कालपासून तसाच पडलाय."

ह्यांनी आवाज बंद केला. मास्तरांनी आमच्याकडे ठेवलेली किल्ली घेऊन मी जिन्याकडे धावले. मागे हे गुडघे टेकून मुठीनं फरशी ठोकत होते, "मास्तर, एकदा तरी ठोका हो!"