यादीतलं सतरावं गाव

सरकारी कागदात जे नाही ते या पृथ्वीतलावरच नाही, अशी उत्तमरावांची अढळ श्रद्धा होती. एका चुकीच्या नोंदीमुळे ते स्वतः अकरा महिने मयत होते आणि त्या अकराही महिन्यांत दहाच्या ठोक्याला कचेरीत येऊन फायली निकालात काढत होते. पण तेवढ्याने श्रद्धा डळमळली नाही.

छप्पन्नचा ऑक्टोबर. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायला अठरा दिवस उरले होते. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत खोक्यांवर खडूने ‘मुंबई’, ‘म्हैसूर’, ‘आंध्र’ लिहिणं चालू होतं. उत्तमरावांपुढे मात्र एकच वही होती: भिंत बांधून होत आलेल्या धरणामागे कोणती गावं बुडणार, त्यांची यादी. निजामाच्या वेळच्या कुणा मुन्शीने ती उर्दूत लिहिलेली, तीही घोड्यावर बसून लिहिल्यासारखी. नवे साहेब अप्पाराव कर्नूलहून आलेले, त्यांना अलिफसुद्धा ठाऊक नव्हता. म्हणून उत्तमराव वाचत आणि साहेब इंग्रजीत उतरवून घेत.

सतरावं गाव हिवरधरा. उत्तमरावांचं स्वतःचं. थोरले भाऊ हिम्मतराव एकोणीस माणसांचं खटलं घेऊन अजून तिथेच नांदत होते.

उत्तमराव सोळावं गाव वाचून थांबले. चष्मा पुसला. आणि अठरावं वाचलं.

पाणी किती उंचीपर्यंत साठवायचं ते नवं सरकार ठरवणार, आणि ठरवणार ते ही यादी समोर ठेवून, असं कचेरीत जो तो छातीठोकपणे सांगत होता. आता जे गाव यादीतच नाही, त्याच्यावर पाणी सोडणार कोण? उद्या जाब विचारला तर सही कुणाची?

“झालं साहेब. तीस.”

“एकही राहिलं नाही ना, उत्तमराव गारू?” साहेबांनी तेलुगू अदबीने विचारलं.

“नाही साहेब.”

“परत वाचा.”

परत वाचली. परत तीसच भरली. अप्पारावांनी वही आपल्याकडे ओढली आणि पानावर बोट ठेवून ते ओळीओळीने खाली उतरू लागले. तळाशी पोचल्यावर बोट थांबलं.

“मला वाचता येत नाही,” ते सावकाश म्हणाले, “पण मोजता येतं. ओळी एकतीस आहेत.”

उत्तमरावांनी वही परत आपल्याकडे ओढली.

“सतरावं बेचिराग आहे साहेब.”

“म्हणजे?”

“उजाड. कागदावर नाव तेवढं उरलंय, वस्ती नाही. दिवा लावायलासुद्धा माणूस नाही. म्हणून गाळलं.”

“नक्की? लिहून द्याल?”

उत्तमरावांनी लिहून दिलं. सही केली, तारीख घातली, वर सवयीने शिक्काही मारला.

मलकपेठेतल्या बिऱ्हाडी सत्यवतीबाईंनी हे ऐकलं आणि हातातलं लाटणं खाली ठेवलं.

“कळलं म्हणजे? नोकरीबी जाईल आन् ही खोलीबी.”

“अगं, त्याला अलिफ येत नाही.”

“मोजता येतं ना? आन् सारखं सारखं इचारतोय म्हणजे वास लागलाय त्याला. नक्को होतं हे, मी सांगते.”

“मग बुडू देऊ गाव? दादाला काय सांगू?”

त्यावर सत्यवतीबाईंनी लाटणं पुन्हा उचललं.

एक नोव्हेंबरला खोकी आपापल्या राज्यांना गेली. हिवरधरा आंध्राच्या वाट्याला आलं, आणि उर्दू वाचणारं कुणीतरी हवं म्हणून उत्तमरावही. अप्पारावांचा संशय मात्र गेला नाही. महिन्या-दोन महिन्यांनी ते उत्तमरावांच्या टेबलाशी थांबत आणि अगदी सहज विचारत, “ते सतरावं. कोणीच नाही ना? एखादं म्हातारं, एखादा गुराखी?”

“कोणीच नाही साहेब.”

“बरं. मग प्रश्नच नाही.”

ते ‘बरं’ ऐकलं की उत्तमरावांना रात्रीचं जेवण जात नसे. पट्टा दोन भोकं आत आला. चपराशी दत्तोबा आत डोकावून “साब बुलारे” म्हणाला, की आज बेड्याच पडणार या तयारीने ते उठत. आत गेल्यावर साहेबांना एखाद्या जुन्या पावतीवरची तारीख वाचून हवी असे.

उन्हाळ्यात हिम्मतरावांचं पत्र आलं. आसपासच्या गावांना नोटिसा आल्या, आपल्याला नाही. ही तुझीच करणी, हे सारं गाव जाणून आहे. नोटिसा आलेल्या गावांतले पाहुणे आपल्या कणग्या आणि गुरं आपल्याकडे आणून ठेवताहेत. मळ्यात नवी विहीर घेतली, तिच्या पायऱ्या बांधतोय. ते पत्र उत्तमरावांनी चार वेळा वाचलं. त्या रात्री ते दोन भाकरी जास्त जेवले.

ऑगस्टात एका दुपारी अप्पाराव आपणहून त्यांच्या टेबलाशी येऊन बसले. दत्तोबाला कोपऱ्यावरच्या इराण्याकडे चहाला पिटाळलं होतं.

“धरणाचे दरवाजे परवा बंद केले,” ते म्हणाले. “पाणी झपाट्याने चढतंय. तुमची यादी फार कामाला आली, उत्तमराव गारू.”

म्हणजे पकडलं नव्हतं. उत्तमरावांनी दहा महिन्यांत पहिल्यांदा पाठ खुर्चीला टेकली.

“शेवटी उंची किती ठरली साहेब? यादी बघून काही फूट कमी केली असेल.”

अप्पारावांना हसू आलं. “उंची? ती वीजघराच्या चाकांवरून ठरली, बावन्न सालीच. भिंत त्याच मापाने बांधलीय. तिचा गावांशी काय संबंध?”

“मग यादी?”

“यादी होय,” अप्पाराव दत्तोबाने आणलेला चहा बशीत ओतत म्हणाले, “ती कुणाला दुसरीकडे जमीन द्यायची आणि कुणाला आधी सांगायचं, याची.”