आप्पांचं हेल्मेट

देहदानाचा अर्ज भरला त्याच दिवशी आप्पासाहेबांनी हेल्मेट घेतलं. स्कूटर नव्हतीच, सदाशिव पेठेतले रस्ते पायी ओलांडताना आप्पा ते घालत. कोपऱ्यावरचा वाणी रोज विचारी, "आप्पा, स्कूटर कुठंय?" बायकोला, मथुराबाईंना, मेल्याहून मेल्यासारखं होई. "अहो, काढा ते!" त्यावर आप्पा, "अपघातात गेलो तर पोस्टमॉर्टेम होईल. तसा देह मेडिकल कॉलेज घेत नाही. पोरांना शिकायला अख्खा माणूस लागतो." अकरा वर्षं त्यांनी देह जपला आणि नव्वदीत दुपारच्या झोपेतच गेले. देह न्यायला आलेल्यांना मथुराबाईंनी ताठ मानेनं सांगितलं, "बघून घ्या, एक ओरखडा नाही." आठवड्यानं स्वतःचा अर्ज भरून त्यांनी खुंटीवरचं हेल्मेट चढवलं आणि भाजीला निघाल्या. वाणी हसला, "काकू, तुमचीही स्कूटर?" "हसू नका," पट्टा आवळत त्या म्हणाल्या, "हे डोकं आता कॉलेजचं आहे."