शेवटचा हात

रंग आरशासारखा बसला होता. कुठे फोड नाही, ओघळ नाही, ब्रशचा एखादा केससुद्धा चिकटलेला नाही. चष्मा पुसून कॅप्टननी बोटीभोवती तिसरी फेरी मारली आणि कपाळाला हात लावला. पाच वाजता जावई ट्रेलर घेऊन येणार होता. उद्या सकाळी बोट तळ्यात उतरणार होती, आणि तिच्यात बसून कॅप्टनही.

कॅप्टन हे त्यांचं गल्लीतलं नाव. त्यांची सगळी नोकरी पोस्टाच्या काउंटरमागे गेली होती. पाण्याशी संबंध आला तो तिकिटं चिकटवायच्या ओल्या स्पंजापुरता. आणि तेवढा पुरे होता, कारण पाणी गुडघ्याच्या वर आलं की त्यांना घेरी यायची. पण लग्नाआधी, होणाऱ्या बायकोवर छाप पाडण्याच्या भरात ते एकदा बोलून गेले होते, "पुरात होडी घातलीय मी. दोनदा!" पुढे संसाराच्या ओघात त्या दोनाचे पाच पूर झाले. जावयानं तर ते इतक्यांदा ऐकले, की सासरे निवृत्त झाले त्याच दिवशी त्यानं कुठूनशी एक जुनी लाकडी बोट आणली आणि परसात उलटी टाकली.

"बाबा, आता मनसोक्त वल्हवा!" तो म्हणाला.

बायकोनं टाळ्या वाजवल्या. "रोज सकाळी तळ्यात फेरी मारायची हं आपण!" असं म्हणून तिनं लगेच बोटीत बसायला दोन उशा शिवल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला बातमी दिली. आता माघार घ्यायची कुठल्या तोंडानं?

नशिबानं बोटीची पार दुर्दशा झाली होती. "आधी नीट घासायला हवी," कॅप्टननी जाहीर केलं, आणि ते घासायला बसले. जुना रंग निघाला, त्याखालचा निघाला, त्याच्याही खालचा निघाला. डझनावारी पॉलिश पेपर गुळगुळीत झाले. भेगांत लांबी भरली, ती वाळल्यावर घासली, मग पुन्हा भरली. दोन महिने त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या दिसत होत्या.

"बाबा, पुरे," शेवटी जावई म्हणाला. "आता आरपार दिसायला लागेल."

मग रंगाचा डबा काढावाच लागला. आणि इथे मात्र देव पावला. पहिला हात दिला त्या दिवशी ओल्या रंगावर कुठून कोण जाणे, धुळीचा थर येऊन बसला. पुन्हा घासणं आलं. दुसऱ्या वेळी वाळका पाला चिकटला. तिसऱ्या वेळी तर बोटीच्या कुशीवर चक्क पाच बोटं उमटली.

"मांजर असणार," कॅप्टन म्हणाले.

"एवढा पंजा?" शेजारचे दाताचे डॉक्टर कुंपणावरून डोकावून म्हणाले. "अहो, मग ते मांजर नव्हे, वाघ आहे."

"असेल, असेल," असं म्हणत कॅप्टननी इतक्या आनंदानं पॉलिश पेपर उचलला, की डॉक्टर बघतच राहिले.

"पुन्हा पहिल्यापासून का हो?" बायकोनं हळहळून विचारलं. "किती दिवस जातील?"

"पंधरा तरी."

"जाऊ देत. घाई कसली?" ती म्हणाली. काय ही सोशिक बाई, असं वाटून कॅप्टनना अगदी भरून आलं.

पण आज चौथ्या खेपेला कसलंच विघ्न येईना. वारा पडला होता. झाडाचं पान हलत नव्हतं. ज्याच्यावर भरवसा होता ते मांजर भिंतीवर पाय पसरून झोपलं होतं. उद्यासाठी डॉक्टरांनी कुणाकडून तरी दुर्बीणही मागून आणली होती.

जेवण झाल्यावर कॅप्टन पलंगावर पडले, पण डोळा लागेना. खरं सांगून टाकावं का? चाळीस वर्षांनी? डॉक्टरांचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला आणि ते ताडकन उठून बसले. छे! त्यापेक्षा आपणच जाऊन रंगाला हात लावायचा. दोन मिनिटांचं काम. नाव मांजराचं होईल.

घर शांत होतं. चपला हातात घेऊन, चवड्यांवर चालत ते परसात आले. बोटीला वळसा घालून, उन्हाची बाजू टाळून, पलीकडे गेले.

पलीकडे बायको होती. बाह्या कोपरापर्यंत सारून, उकिडवी बसून, दोन्ही तळवे तिनं ओल्या रंगावर दाबून धरले होते. मनगटापर्यंत ती निळी झाली होती.

कॅप्टनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती धूळ. तो पाला. ती पाच बोटं. म्हणजे हिला सगळं माहीत होतं! पाचही पूर ही बिचारी मुकाट्यानं ऐकत आली, कधी तोंडावर खोटं पाडलं नाही, आणि आता चारचौघांत नवऱ्याचं हसं होऊ नये म्हणून या वयात भर दुपारी ही अशी... त्यांच्या हातातल्या चपला गळून पडल्या.

"म्हणजे तुला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं. "मला पाण्याची भीती वाटते, हे?"

बायको निळे हात तसेच हवेत धरून त्यांच्याकडे टकामका बघत राहिली. मग तिनं मटकन जमिनीवर बसकण मारली.

"अगंबाई," ती म्हणाली, "तुम्हालाही?"