दोन ते तीनची गाणी

"मॅडम, मले नवीन गाणे नाही पायजेत. जुना कार्यक्रम पायजे. किती डाव सांगू?" महादेवराव गावंडे म्हणाले आणि त्यांनी अर्ज टेबलावर आपटला.

अकोल्याच्या ऑफिसातला हा पहिलाच खेटा, पण अमरावतीत चार झाले होते. तिथे एकाने चहा पाजला, दुसऱ्याने साहेब नाहीत म्हणून सांगितलं आणि शेवटी सगळं अकोल्यालाच ठरतं म्हणून सगळ्यांनी हात झटकले. वलगावहून अकोल्याला यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. रेडिओवाल्यांना त्याचं काय सोयरसुतक!

रोज दुपारी दोन ते तीन संथ गाणी लागत. एक बाई हळू आवाजात दोन वाक्यं बोले आणि बाजूला होई. कमरेचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या पत्नी मैनाबाई तेवढा एक तास कण्हत नसत. त्यांचा डोळा लागे. उन्हाळ्यात तो कार्यक्रम गेला. आता त्या वेळेला कोणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडत असतो, मधेच भोंगे वाजवतो, आणि गाणं लागतं ते पत्र्यावर दगड पडावेत तसं. मैनाबाई कानावर उशी दाबून धरतात.

सून सीमाने मोबाइलवर तसलीच गाणी भरून दिली. सासूबाईंनी दोन दिवसांत ती बंद करायला लावली.

"पुढचं कोणतं लागन, ते मले ठाऊकच असते," त्या म्हणाल्या. "अन् थ्या बाईचा आवाज नाही त्यात. कोणी आपल्याशी बोलून राह्यलं, असं वाटे."

म्हणून हा अर्ज, खाली चाळीस घरांच्या सह्या. त्या गोळा करायला एक संध्याकाळ पुरली. गल्लीत महादेवरावांचा शब्द चाले. बाहेरचं कोणी कागद-पेन घेऊन आलं की लोक आधी त्यांच्याकडे पळत. काय सांगायचं आणि काय नाही, ते तेच ठरवत.

कार्यक्रमांचं काम पाहणाऱ्या प्रणाली मॅडमनी सह्या शांतपणे वाचल्या.

"काका, मलाही तो कार्यक्रम आवडायचा. बंद करू नका म्हणून मी वरिष्ठांशी भांडले. पण शहरात दुपारी तो कोणी ऐकत नव्हतं."

"शहरात नसन ऐकत. खेड्यात ऐकतेत ना! आमच्या गल्लीत घरोघरी रेडिओ हाय. बाया तूर निवडता निवडता ऐकत. खेड्यात इचारलं का तुमी कोणाले? का बसल्या जागी ठरवून टाकलं?"

महादेवरावांचा आवाज चढला होता. बाहेरचा शिपाई दारातून डोकावून गेला. इतक्या दिवसांचा संताप आता त्यांना आवरत नव्हता. घरी म्हातारी उशी धरून पडली आहे आणि इथे यांचं पंख्याखाली बसून 'शहर, शहर' चाललंय!

"विचारलं होतं," प्रणाली मॅडम म्हणाल्या. "मीच हट्ट धरला होता. अमरावतीच्या आसपास घरोघर माणसं पाठवली. गावांनी हो म्हटलं असतं, तर कार्यक्रम राहणार होता. तसं वरिष्ठांनी कबूल केलं होतं."

"मंग वलगावले कावून नाही आले?"

"आले होते की. जानेवारीत."

"आमच्या गल्लीत नसन आले."

प्रणाली मॅडमनी कॉम्प्युटरवर काहीतरी शोधलं. मग अर्जावरची पहिली सही त्यांनी पुन्हा वाचली आणि पडदा महादेवरावांकडे वळवला.

महादेवरावांनी चष्मा लावला.

घर पहिले. कुटुंबप्रमुख: महादेवराव गावंडे. रेडिओ: नाही. टीव्ही: नाही. मोबाइल: नाही. पुढच्या एकोणचाळीस घरांनी शब्दशः हेच उत्तर दिले.

खाली पाहणी करणाऱ्याने शेरा लिहिला होता: 'कुटुंबप्रमुखांनी तीनदा विचारले, यानं पिवळं रेशनकार्ड तं नाही ना जात?'