मुंबईचा कुर्ता

उमेदवार साहेबांच्या कुर्त्याचं एक बटण निघालं, म्हणून सभेच्या दिवशी सकाळी त्यांचा पीए तो घेऊन खामगावच्या कोकिळाबाईंच्या शिलाईच्या दुकानात आला. बाही कोपरावर फाटलेली दिसली, तर तीही त्यांनी न सांगता बारीक रफू करून दिली.

पीए कुर्ता घेऊन धावतच परत आला.

"काकू, हे काऊन शिवलं? मुंबईच्या डिझायनरनं ते मुद्दाम फाडलं होतं. साहेब आपल्यातलेच वाटले पाहिजे लोकायले. पहिल्यासारखं फाडून द्या."

कोकिळाबाईंनी कात्री उचलली, पण हात चालेना. "कसं फाडू भाऊ? मले तं शिवणंच येते."

पीएने इकडेतिकडे पाहिलं आणि शेजारी काजं करत बसलेल्या त्यांच्या नवऱ्याचा हात धरून फाटक्या बाहीचं कोपर वर केलं.

 

"हे पाहा. बिलकुल असंच होतं."